ओगराळेबाईंचं एकच पातेलं

ओगराळेबाई पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात शिरल्या तेव्हा कपाटात मांडलेल्या सगळ्या चष्म्यांनी नजर खाली केली, असं चष्मेवाला पुढे जन्मभर सांगत आला. दाराला टांगलेली घंटा एरवी मांजर आत आलं तरी वाजायची. त्या दिवशी तिची छाती झाली नाही. डोळे तपासायच्या तक्त्यावरची वरून खाली बारीक होत जाणारी अक्षरं एका उंचीची होऊन सावधान उभी राहिली. आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर कोंबडा बसला होता. या कोंबड्याने आजवर दोन टपालवाले, एक मीटर वाचणारा आणि खुद्द चष्मेवाल्याचा मेहुणा एवढ्यांना रस्त्याच्या टोकापर्यंत पळवत नेलं होतं. तो उठला, त्याने पिसं आवरली आणि काउंटरखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

यातलं कोंबड्याचं तेवढं खरं होतं.

बाईंनी एक काडी निखळलेला चष्मा काउंटरवर ठेवला. काचांवर कित्येक वर्षांच्या वाफेचा थर होता.

"काडी बसवा," त्या म्हणाल्या. मग वाकून काउंटरखाली पाहिलं. "याला जेवायला कोण घालतं?"

"मीच घालतो."

"काय?"

"काय म्हणजे, असेल ते. दाणे, शिळा भात. बिस्किटं आवडतात त्याला."

"वेळ?"

"तो मागेल ती."

बाईंनी कोंबड्याकडे पाहिलं. मग त्याच नजरेने चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली होती आणि कॉलरवर बिस्किटाचा चुरा होता. तो कोंबड्याने सांडलेला की मालकाने, हे सांगणं अवघड होतं.

"आणि तुम्हाला कोण घालतं?"

चष्मेवाला विधुर होता. या सोप्या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याला इतका वेळ लागला की बाईंना उत्तर मिळून गेलं.

ओगराळेबाई हे त्यांचं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या इस्पितळाला लागून परिचारिका शिकणाऱ्या मुलींचं वसतिगृह होतं, त्याची मेस बाई चालवत. हातात कायम ओगराळं असायचं. त्यानेच वाढायचं, त्यानेच पातेल्यावर ठोकून शांतता करायची आणि रांग मोडणारीला त्यानेच जागा दाखवायची. जुन्या मुलींनी हे नाव ठेवलं, नव्या मुलींना ते आडनावच वाटलं, आणि निरोप समारंभाच्या मानपत्रावर तेच छापलं गेलं. बाईंनी ते मानपत्र भिंतीला लावलं. आपलं खरं आडनाव त्यांनाही तसं फारसं आवडत नव्हतं.

मेसचा कायदा एकाच वाक्याचा होता. एकच पातेलं, सगळ्यांना तेच. बारकीला तेच, जाडीला तेच, रात्रपाळी करून आलेलीला तेच आणि तापातून उठलेलीलाही तेच. आवडनिवड हा बाईंच्या मते लाडावलेल्या घरांमधून पसरणारा आजार होता. मीठ तर त्यांच्या खास अखत्यारीतलं. कुणा म्हाताऱ्या डॉक्टरने एकदा व्याख्यानात मीठ म्हणजे सावकाश चढणारं विष असं सांगितलं होतं. बाकीचे श्रोते व्याख्यान संपल्यावर घरी जाऊन नेहमीसारखे जेवले; बाईंनी मात्र मिठाची बरणी कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला लावली. जेवणाच्या टेबलावर मीठ मिळत नसे. कोणी मागितलंच तर बाई त्या मुलीकडे अशा पाहायच्या की तिला घाम फुटायचा, आणि शरीरातलं होतं तेवढंही मीठ निघून जायचं.

अशा बाईंचं चष्मेवाल्याशी लग्न जमवलं ते त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने. रस्त्याच्या टोकापर्यंत धावलेला मेहुणा तो हिचाच नवरा.

"बाई चांगली आहे," आक्का म्हणाली. "निवृत्त झालीये, एकटी आहे, आणि धाकात ठेवील."

"मला कशाला धाक हवाय?"

"तुला नाही रे. त्या कोंबड्याला हवाय. पण कोंबड्याचं लग्न लावून देता येत नाही, म्हणून तुझं."

"या वयात लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणतात ते ऐकलंयस का? तुझ्या दुकानात गेलं की आधी कोंबड्याची परवानगी काढावी लागते म्हणतात."

लग्न सरकारी कचेरीत, दोन सह्या करून झालं. त्याच दुपारी बाई दुकानामागच्या घरात राहायला आल्या. सोबत एक ट्रंक, फडक्यात गुंडाळलेलं ओगराळं, मानपत्र आणि एका मोठ्या टोपलीत सात कोंबड्या. मेसच्या मागच्या दारी उरल्यासुरल्यावर पोसलेल्या, अंडी घालण्यात कसूर न करणाऱ्या आणि स्वभावाने मालकिणीवर गेलेल्या.

चष्मेवाल्याकडून संसारात आले ते दोन कोंबडे. मोठा, दुकानातला, तो फौजदार. धाकट्याचा तुरा अजून नीट उभाही राहिला नव्हता. आरवायला गेला की बिजागरी कुरकुरल्यासारखा आवाज यायचा. तो हवालदार. हवालदाराला अंगणात जे काही मिळायचं ते फौजदाराचं झाल्यावर मिळायचं. हुद्दा लहान असण्याचे फायदेही असतात, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अशी नऊ पाखरं एका खुराड्यात नांदू लागली आणि बाईंची मेस पुन्हा उघडली. सकाळ-संध्याकाळ डब्यावर ओगराळ्याचे दोन ठोके पडत. मधोमध एक परात. आठवड्याच्या आत सगळी पाखरं ठोक्याबरोबर हजर होऊ लागली; फौजदारसुद्धा, ज्याने आजवर कोणाच्या हाकेला ओ म्हणून दिली नव्हती.

सुरुवातीलाच एक अपशकुन झाला. जागा बदलल्याच्या धक्क्याने म्हणा, एका कोंबडीने पातळ कवचाचं अंडं घातलं. बाईंनी उचललं तर बोट आत गेलं. त्यांच्या मेसच्या इतिहासात अशी नाचक्की झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाद्याच्या दुकानातून अंड्यावरच्या कोंबड्यांचं खास खाद्य आणवलं, ज्यात कवचासाठी चुना मुळातच भरपूर असतो. तेवढ्याने समाधान होईना म्हणून शिंपले आणून खलबत्त्यात कुटले आणि तो चुरा वरून ओगराळं ओगराळं मिसळला. माणसांच्या मिठात सगळी हयात आखडलेला हात कोंबड्यांच्या चुन्यात असा काही सैल सुटला की विचारू नका.

"बाई," चष्मेवाल्याने एकदा चाचरत म्हटलं, "कोंबडे काही अंडी घालत नाहीत."

"म्हणून काय त्यांना उपाशी ठेवू?"

"तसं नाही, पण हे सगळं अंड्यांसाठीचं..."

"अहो, माझ्या पंगतीला नर-मादी असा भेद नाही. एक परात, सगळ्यांना तेच. उद्या तुम्ही म्हणाल तुम्हाला वेगळं हवं."

चष्मेवाला गप्प बसला. कारण त्याला वेगळंच हवं होतं, आणि तो ते घेतही होता.

त्याचं असं झालं होतं. पहिल्या जेवणाचा पहिला घास त्याने तोंडात घातला आणि त्याला वाटलं, लग्नाच्या गडबडीत बाई मीठ विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की बाई काहीच विसरत नाहीत. भाजी गवतासारखी लागायची; गवताला निदान मातीची तरी चव असते. तक्रार करण्याची प्राज्ञा नव्हती. मग त्याने धंद्यातलं डोकं वापरलं. लहान मुलांच्या चष्म्याची एक छोटी डबी घेतली, तिच्यात मीठ भरलं आणि ती वरच्या खिशात ठेवली. जेवायला बसलं की भाताच्या वाफेने चष्म्यावर धुकं यायचं. तो चष्मा काढायचा, डबी उघडायची, पुसायचं फडकं शोधल्यासारखं करायचं आणि दोन बोटांनी काम उरकायचं. जिभेवर चव यायची तेव्हा डोळ्यांना समोरचं काही दिसत नसायचं, पण संसारात दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत.

बाईंना तर त्याचं कौतुकच होतं. "रोज जेवताना चष्मा पुसतात," त्या आक्काला म्हणाल्या. "स्वच्छ माणूस आहे."

"आमचा हा?" आक्का म्हणाली, आणि भावाकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

असे बरेच महिने गेले. अंड्यांची कवचं अशी झाली की बशीच्या कडेवर आपटलं तर बशीची काळजी वाटावी. बाई खूश होत्या. आणि मग एके सकाळी फौजदार आरवला नाही.

इतरांच्या दृष्टीने ही काही वाईट बातमी नव्हती. शेजाऱ्यांनी तर त्या दिवशी एकमेकांकडे हसून पाहिलं म्हणतात. चष्मेवाला मात्र अंथरुणात तसाच पडून राहिला. पहिली बायको गेली तेव्हाही तो असाच पडून होता. आक्काने येऊन समजूत घातली, मग रागावली, मग रडून पाहिलं; हा कुशीवरून कुशीवर. फौजदार तेव्हा नुकता वयात आलेला. गेलेल्या बायकोनेच पिल्लू म्हणून तो आणला होता. तो खिडकीच्या पाळीवर चढला आणि आरवायला लागला; त्याला बिस्किट हवं होतं. थांबेचना. शेवटी त्याला गप्प करायला म्हणून चष्मेवाला उठला, आणि उठलाच आहे तर म्हणून त्याने दुकान उघडलं. तेव्हापासून रोज तसंच. दुःखातून माणूस थोर विचारांनी बाहेर येतो असं पुस्तकात लिहितात. चष्मेवाल्याला बाहेर काढलं ते एका हावरट पाखराच्या घशाने, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

तो अंगणात आला तेव्हा फौजदार पाण्याच्या भांड्यापाशी बसून होता. पाणी पीत होता, थांबत होता, पुन्हा पीत होता. उठायला लावलं तर लंगडला. पायांचे सांधे सुजले होते आणि मागे पांढरट पातळ शिटेचं थारोळं होतं.

"ढोंग आहे," बाईंनी निदान केलं. "परीक्षेच्या आठवड्यात लंगडणाऱ्या मुली मी जन्मभर पाहिल्यात."

"त्याची कसली परीक्षा?"

"कामाची. पहाटे उठायचा कंटाळा आलाय. दोन दिवस पोटभर घाला, ताठ उभा राहतो की नाही बघा."

आणि त्या दिवसापासून फौजदाराच्या समोर परातीत एक ओगराळं जास्त पडू लागलं. चुऱ्यासकट.

फौजदार आणखी खंगला. तुरा फिकट पडून एका बाजूला कलला. टपालवाला दारात येऊन सवयीने दबकला आणि पाहतो तो फौजदार मानसुद्धा वळवत नाही. "बरा आहे ना तो?" टपालवाल्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात काळजी होती. शत्रूलाही कीव यावी यासारखी वाईट पाळी दुसरी नाही.

चष्मेवाल्याला आतून वाटत होतं की गोम परातीत आहे. पण हे बाईंना सांगायचं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाला नाव ठेवायचं, आणि स्वयंपाकाचा विषय निघाला की तो खिशातल्या डबीपर्यंत येणार. त्यापेक्षा चोरी बरी. या बाबतीत आता त्याचा हात बसला होता. सकाळी तो फौजदाराला उचलून दुकानात आणू लागला आणि काउंटरमागे बशीत नुसते साधे दाणे घालू लागला.

फौजदाराने दाणे पाहिले. डोळ्यांत जरा तेज आलं. त्याने एक दाणा चोचीत उचलला, पुन्हा बशीत टाकला आणि मागच्या दाराकडे तोंड करून घशातल्या घशात कुक्-कुक्-कुक् करायला लागला. अंगणातून साती जणी धावत आल्या. फौजदार एका पायावर बाजूला सरला, दाणा उचलून एकेकीपुढे टाकत राहिला, आणि बशी पुसून लख्ख झाल्यावर तृप्तीने डोळे मिटून उभा राहिला. चोचीत एक कण गेला नव्हता. चांगला कोंबडा खायला सापडलं की आधी माद्यांना बोलावतो. त्याला दाक्षिण्य म्हणतात, आणि पुरुषजात त्यापायी फार जुन्या काळापासून उपाशी मरत आली आहे.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने मागचं दार लावून घेतलं. फौजदार एकटा खाईना. बंद दाराकडे पाहून कुक्-कुक् करत राहिला, घसा बसेपर्यंत. समोरून गिऱ्हाईक आलं, त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी नंतर येऊ का?"

शेवटी जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. हा चाळिशीचा, हसतमुख, बाईंना पाहिल्यावर जरा कमी हसतमुख असा माणूस होता. त्याने फौजदाराला मांडीवर घेतलं, पाय दाबून पाहिले, शिटा पाहिल्या.

"खायला काय घालता?"

बाईंनी सांगितलं. अभिमानाने, मापासकट सांगितलं. शिंपल्यांपर्यंत आल्या तेव्हा डॉक्टरने डोळे मिटले.

"आणि नरांनाही तेच?"

"सगळ्यांना तेच."

"बाई, कोंबडीच्या पोटात गेलेला चुना कवचात जातो आणि बाहेर पडतो. याने तो कुठे टाकावा? याच्या मूत्रपिंडात साठतोय. सांधे त्यामुळेच धरलेत. असंच चालू राहिलं तर हा जायचा."

चष्मेवाल्याने फौजदाराच्या पाठीवरून हात फिरवला. बाई मात्र ताठ उभ्या होत्या.

"म्हणजे माझ्या हातचं खाऊन हा आजारी पडला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही, नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाला. "तुमच्या हातच्या जेवणाबद्दल मी काय बोलणार? माझी बायको तुमच्याच मेसमध्ये जेवायची."

"हो का? तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"असणारच."

"तर सांगायचं म्हणजे," डॉक्टर पुढे म्हणाला, "वेगळं-वेगळं वाढून उपयोग नाही. एकत्र राहणारी पाखरं एकमेकांच्या ताटातलं खातातच."

"आम्ही पाहिलंय," चष्मेवाला बोलून गेला. बाईंनी मान वळवली. तो खोकला.

"सोपा उपाय आहे. परातीत सगळ्यांना साधं खाद्य घाला, कमी चुन्याचं, वाढत्या पाखरांना देतात ते. ते सगळ्यांना चालतं. आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात बाजूला ठेवून द्या. जिला गरज असेल ती आपण होऊन खाईल. कोंबडे त्याला तोंडही लावणार नाहीत."

"कोणी किती खायचा ते कोण ठरवणार?"

"त्याच ठरवतात."

"कोंबड्या ठरवतात?"

"हो. त्यांना बरोबर कळतं."

बाई हसल्या. त्या हसल्या की मेसमध्ये मुली ताटं उचलून उभ्या राहत. "डॉक्टर, ज्याला हवं त्याने हवं तेवढं घ्यावं, असं एकदा सुरू झालं ना, की आठवड्यात मेस बंद पडते. औषध द्या काहीतरी. परात आहे तशी राहील."

डॉक्टरने फौजदाराला खाली ठेवलं. फाटकाशी सोडायला आलेल्या चष्मेवाल्याने हळूच विचारलं, "औषध आहे का?"

"परात बदलणं हेच औषध." डॉक्टरने घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "तुम्ही जेवता कसे?"

चष्मेवाल्याने खिशातली डबी अर्धी वर काढून दाखवली. डॉक्टरचा चेहरा उजळला.

"माझी बायको थर्मामीटर ठेवायच्या नळीत न्यायची," तो म्हणाला. "सगळ्याच न्यायच्या. कोणी पावडरच्या डबीत, कोणी टोपीच्या घडीत. त्या इस्पितळात थर्मामीटर कायम कमी पडायचे, का ते कोणाला कळलं नाही. अजूनही झोपताना मिठाची बाटली उशाशी लागते तिला. फौजदाराला आठ-पंधरा दिवसांपेक्षा जास्त वेळ नाही, सांगून ठेवतो."

त्या दुपारी दोघं जेवायला बसली. भात, भाजी, उकडलेली अंडी. कवचं सोलताना आवाज येत होता. बाहेर फौजदार पाण्यापाशी बसलेला खिडकीतून दिसत होता. चष्मेवाल्याच्या चष्म्यावर वाफ आली, पण त्याने चष्मा काढला नाही. त्याने खिशातली डबी काढली, टेबलाच्या मधोमध ठेवली, उघडली आणि बाईंच्या देखत चिमूटभर मीठ भातावर टाकलं.

"हे काय?"

"मीठ."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"पहिल्या दिवशी का नाही?"

"पहिल्या दिवशी वाटलं, तुम्ही विसरलात."

बाईंनी घास खाली ठेवला. "चष्मा पुसायचात तेव्हा?"

"चष्मा स्वच्छच असायचा."

एरवी या ठिकाणी चष्मेवाला खोकला असता, पाणी आणायला उठला असता, दुकानात गिऱ्हाईक आल्याचं त्याला ऐकू आलं असतं. त्याने खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं आणि बसून राहिला.

"मी एकटाच नाही," तो म्हणाला. "तुमच्या मेसच्या मुली थर्मामीटरच्या नळीतून आणायच्या. सगळ्या."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर. त्याची बायकोही आणायची. ठणठणीत आहे ती."

"म्हणजे सगळी वर्षं सगळ्या जणी मला फसवत होत्या."

"फसवत नव्हत्या, बाई. जेवत होत्या." आता तोंडातून निघालंच आहे तर त्याने पुढे सांगून टाकलं, आणि हे त्याचं लग्नानंतरचं सर्वांत लांब भाषण होतं. "तुमचं पातेलं अळणी होतं म्हणून तर ते सगळ्यांना चाललं. जिला लागलं तिने वरून घेतलं, जिला नको होतं तिने नाही घेतलं. मेस काही बंद पडली नाही. डॉक्टर काय वेगळं सांगतोय? कोंबड्यांच्या बाबतीत तुम्ही आधीच सगळं परातीत ओतलंत. फौजदाराला काढून टाकता येत नाही ते. त्याच्याकडे डबी नाही."

बाईंनी डबी ओढली, दोन बोटांनी मीठ घेतलं, आपल्या भाजीवर टाकलं आणि एक घास खाल्ला. चष्मेवाला त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होता. वाफेमुळे नीट दिसत नव्हतं.

"जास्त झालं," बाई म्हणाल्या.

पण ताट त्यांनी पुसून खाल्लं. मग उठल्या, बाहेर गेल्या, आणि परात घासल्याचा आवाज येऊ लागला. एवढ्या जोराने की परातीनेच काहीतरी केलं असावं.

संध्याकाळी अंगणात परातीत साधं खाद्य होतं आणि बाजूला विटेवर मातीचं एक भांडं, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेलं. बाई त्याच्या शेजारी ओगराळं हातात धरून उभ्या राहिल्या. पहिले काही दिवस त्या तिथून हलल्याच नाहीत. कोण किती घेतं यावर त्यांचा पहारा होता. कोंबड्या येत, आठ-दहा चोची मारत आणि निघून जात. एकीने जास्त घेतलं तर बाई म्हणत, "पुरे गं," पण ओगराळं खालीच राही. खुडूक बसलेली एक होती, ती अंडी घालत नव्हती. ती भांड्यापाशी येऊन, वास घेतल्यासारखं करून, तशीच परत गेली. हे पाहिल्यावर बाई जरा वेळ खाली पायरीवर बसल्या.

"हिला कसं कळलं हो?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत," चष्मेवाला म्हणाला.

"मी तर सांगितलं नव्हतं."

फौजदाराने चुऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हवालदार एकदा भांड्यात चढला, नखांनी उकरलं आणि उतरला. तो सुरुवातीपासून धडधाकट होता. चुरा वरून पडायचा, तेव्हा फौजदाराचं खाऊन झाल्यावर परातीच्या तळाशी जे काही उरायचं त्यात त्याच्या वाट्याला चुना कमीच यायचा. वरिष्ठांनी आधी जेवावं या नियमानेच त्याला वाचवलं होतं.

घरातही टेबलावर मिठाची एक वाटी आली. झाकण असलेली. चष्मेवाल्याने झाकण उघडलं की बाई दुसरीकडे बघायच्या, पण "पुरे" मात्र अगदी वेळेवर म्हणायच्या. काही दिवसांनी आक्का नवऱ्याला घेऊन जेवायला आली. तिने वाटी पाहिली, मग भावाकडे पाहिलं.

"हे कसं काय झालं रे?"

"फौजदार आजारी पडला," तो म्हणाला.

आक्काला त्यात काही अर्थ लागला नाही. तिने वाटी पुढे ओढली आणि मनसोक्त मीठ घातलं. तिच्या नवऱ्याने तर दोनदा घातलं.

"भाजी सुरेख झालीय हो," तो म्हणाला. बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

फौजदार वाचला. सांध्यांची सूज उतरली, तुरा पुन्हा लाल झाला, थोडा लंगडा राहिला. टपालवाल्याला त्याने एकदा फाटकापर्यंत नेलं. तेवढ्यात दोघांनाही धाप लागली. पण आरवला मात्र तो पुन्हा कधीच नाही. डॉक्टरने तपासलं, बाईंनी ओरडून पाहिलं, चष्मेवाल्याने खिडकीच्या पाळीवर बिस्किट ठेवून पाहिलं. फौजदाराने बिस्किट खाल्लं.

हवालदार आरवतो, पण दुपारी, जेवणं झाल्यावर. चष्मेवाल्याने गजराचं घड्याळ घेतलं.